पुसल्याबिगर

२ डिसेंबर, सोमवार

पोचले एकदाची! दोन बॅगा, कुकर, आईची शाल आणि तुळशीची कुंडी, एवढ्याशा संसारासाठी पुण्याहून टेंपो केला म्हणून ताई सकाळपासून हसत होती. हसू दे. शेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर खोली घेतली आहे, कुंडीसुद्धा मिरवत आणणारच.

गाव लोधिवली. जुना मुंबई-पुणे रस्ता घरापासून हाकेवर, त्यामुळे ट्रकांची सोबत अखंड. गॅलरीतून इर्शाळगडाचा सुळका दिसतो. वरच्या मजल्यावर मी, खाली घरमालकीण सफुराखाला. साठीच्या पुढे असाव्यात. कोकणी मुसलमान घर. नवरा आखातात असायचे, ते वारले. आता एकट्याच राहतात. नाक्यावर किराणा दुकान असलेला अब्रार हा त्यांचा भाचा, त्यानंच मला खोली दाखवली होती.

सामान लागतंय तोवर खालांनी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याचं कालवण वर पाठवलं. पाठवलं म्हणजे स्वतःच घेऊन आल्या, गुडघे धरत धरत. मी खाते की नाही याची त्यांना काळजी होती. मी दोन भाकऱ्या संपवल्या तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. "बाय" म्हणतात मला. आई गेल्यापासून मला जेवताना कोणी समोर बसून पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी जवळ्याच्या तिखटावर ढकललं.

उद्यापासून खोपोलीच्या संगणक वर्गात शिकवायला जायचं. रोजनिशी लिहायची ठरवली आहे. दिवसभरातलं सांगायला कोणी नसलं की माणूस वहीला सांगतं, त्यात लाजायचं काय?

५ डिसेंबर, गुरुवार

वर्ग चांगला आहे. किशोर सर तो चालवतात, गरीब स्वभावाचे. दुपारच्या तुकडीत सगळ्या बायका. आज कुकीजचा धडा घेतला. कुकी म्हणजे नानकटाई का, यावर पाच मिनिटं हशा झाला. मग मी सांगितलं, की तुम्ही एखाद्या साइटवर गेलात की ती साइट तुमच्याच कंप्युटरात एक चिठ्ठी ठेवून जाते आणि पुढच्या वेळी ती चिठ्ठी बघून तुम्हाला ओळखते. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसं. बिल्ला हरवला की चपलावाला तुम्हाला ओळख देत नाही. मग कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबायला लावलं, खिडकी उघडली, "कुकीज आणि इतर साइट डेटा" कुठे असतं ते प्रत्येकीला शोधायला लावलं. नाजनीन नावाची मुलगी फार चौकस. तिनं विचारलं, ते सगळं काढलं तर आपल्याला कोनीच वळकनार नाय का? मी म्हटलं, साइट ओळखणार नाही, माणसं ओळखतील, घाबरू नकोस.

घरी आले तर खाला जिन्यात. माझ्या खोलीत कोपऱ्यात चादरीखाली जे आहे तो कंप्युटर आहे, हे मला आजवर कळलं नव्हतं. त्यांच्या मुलाचा, झुहेबचा. दोन वर्षांपूर्वी तो बोरघाटात मोटरसायकलच्या अपघातात गेला. एवढं सांगून त्या भिंतीकडे बघायला लागल्या. मी वापरला तर चालेल का विचारलं. म्हणाल्या, "वापरा की बाय, नुसता पडून हाय. पन त्याचं काय असंल त्यात, तर पुसा हां आधी. पुसल्याबिगर काय करू नका." मी म्हटलं, निश्चिंत राहा, पुसल्याशिवाय वापरणार नाही. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. माझा हात दाबला.

मुलाच्या वस्तू पुसून टाकायला सांगायला केवढा धीर लागला असेल त्यांना.

८ डिसेंबर, रविवार

कंप्युटर सुरू केला. लगेच काही पुसवेना.

ब्राउझर उघडला की आपोआप एक गाण्यांची साइट येते. वर त्याचा छोटा फोटो, दाट भुवया, आणि शेजारी "नमस्कार, झुहेब! पुन्हा स्वागत." एक गाणं अर्ध्यावर थांबवलेलं आहे, दोन वर्षं झाली तरी ते तिथंच थांबलेलं आहे. खरेदीच्या साइटवर गेले तर ती मला नऊ नंबरचे बूट आणि हेल्मेट दाखवायला लागली. शोधायच्या पट्टीत नुसतं "घा" लिहिलं की पुढचं आपलं आपण येतं: घाटात आज धुकं आहे का. "गु" लिहिलं की गुडघेदुखीसाठी तेल. आईसाठी शोधत असणार.

न भेटलेल्या माणसाबद्दल मला इतकं कळायला नको होतं. तरी दिवसभर त्याच्यातच बसले. माझी मेल उघडली, वर्गाच्या साइटवर हजेरी भरली, ताईला फोटो पाठवले, सगळं त्याच ब्राउझरमधून, आणि मधूनच त्या गाण्यांच्या पानावर परत येत राहिले. खरं सांगायचं तर आख्ख्या रविवारात मला "नमस्कार" एवढं त्या पानानंच म्हटलं. ते माझ्यासाठी नव्हतं, पण आवडलं.

खाला खाली कोणाशी तरी बोलत होत्या. मी डोकावले तर एकट्याच होत्या. भिंतीवरच्या त्याच्या तसबिरीला दुपारी काय रांधलं ते सांगत होत्या.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज मनाचा हिय्या करून काम उरकलं. वर्गाची साइट सारखी माझ्या जागी झुहेबच्या नावानं शिरू बघत होती, किशोर सरांना दोनदा फोन करावा लागला. शिवाय खालांना शब्द दिला होता. सुट्टीच होती. तीन कळा दाबल्या, खिडकी आली. "मागचा एक तास" की "सर्व काळ" असं विचारतं. सर्व काळ. कुकीज, इतिहास, पासवर्ड, भरलेले फॉर्म, होत्या नव्हत्या सगळ्या चौकटींत खुणा केल्या. अर्धवट काम मला जमत नाही, आईसुद्धा म्हणायची, संध्या भांडं घासते तर कल्हई काढते.

एका क्षणात झालं. पान पांढरं झालं आणि "साइन इन करा" एवढंच आलं. भुवया गेल्या. मला उगीच थंडी वाजली. शाल घेऊन बसले.

दुपारी मशिदीतली नमाज सुटून माणसं घरी चाललेली दिसली आणि थोड्या वेळानं खाला वर आल्या. नवा दुपट्टा, डोळ्यांत सुरमा. कंप्युटरसमोर जरा बसू का म्हणाल्या. मला वाटलं, काम नीट झालं की नाही ते बघायला आल्या. मी अभिमानानं सुरू करून दिला. त्या खुर्चीत टेकल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या. मग बोटानं पडद्याच्या वरच्या कोपऱ्याला, जिथं फोटो असायचा तिथं, हलकेच चाचपलं. मी म्हटलं, सगळं स्वच्छ झालं बघा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उठल्या आणि खाली गेल्या. जाताना गुडघ्याला हात लावला नाही, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

१५ डिसेंबर, रविवार

क्रमानं लिहिते, म्हणजे लिहून होईल.

सकाळी वाडीवरची ठमी वालाच्या शेंगा घेऊन आली. ती दर आठवड्याला खालांकडे येते. आज जिना चढून माझ्या दारात. म्हणाली, "खालाला पुसलं शेंगा घ्यायच्या का. तर त्या म्हनल्या, वरच्या बाईला पूस." मला हसू फुटलं. म्हटलं, मला कशाला पुसतेस, मी काय फरशी आहे? ठमी बघतच राहिली. मग समजूत घालावी तशी म्हणाली, पुसायला नको का बाई, न पुसता कसं द्यायचं कोणाला?

पुसणं म्हणजे विचारणं.

जुन्या ओव्यांत, पुस्तकांत मी हे वाचलेलं होतं. जिवंत माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. इथं सगळे तसंच बोलतात. त्याचं काय असेल तर आधी पुसा. पुसल्याबिगर काही करू नका. त्या मला म्हणत होत्या, की मला विचार. आणि मी मान डोलावली आणि त्यांच्या पोराला पुसून टाकलं.

शेंगा तशाच टाकून अब्रारच्या दुकानात गेले. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, खाला दर शुक्रवारी नमाजीनंतर वर जाऊन त्या पडद्यासमोर बसायची. घरात दोन वर्षं कोणी त्याचं नाव काढत नाही, काढलं की ती दिवसभर जेवत नाही, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. "मशीन तेवढं नाव घ्यायचं त्याचं, मॅडम. तेवढ्यासाठी ती आठवडा काढायची." पासवर्ड कोणालाच माहीत नाही. अब्रार आणि झुहेब एकाच वयाचे, एका ताटात जेवलेले. अब्रार सांगत होता, की लहानपणी ते दोघं कालव्यावर, तो आणि, तो आणि आपला...

थांबला. हातात साखरेची पुडी तशीच. कपाळ चोळलं. "कोन बरं?" असं स्वतःशीच म्हणाला. मी नाव सांगितलं. त्यानं ते नाव एकदा उच्चारून बघितलं, नवीन गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं, आणि साखर किती देऊ म्हणून मला विचारलं.

१६ डिसेंबर, सोमवार

रात्रभर माफीची वाक्यं जुळवली. सकाळी खाली गेले. खाला गुणगुणत तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं कबूल केलं, रडले. त्या घाबरल्या. पदरानं माझे डोळे पुसले. मग विचारलं, कोन झुहेब?

मी तसबिरीकडे बोट केलं. म्हणाल्या, तो होय, तो फ्रेमीतच होता, फ्रेमवाल्यानं तसाच दिला, चांगला दिसतो म्हणून राहू दिला. आणि हसून म्हणाल्या, "मला कुठला पोरगा, बाय? असता तर असं एकटीनं दिस काढले असते का?"

गुडघे दुखत नाहीत म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा मागच्या दारी कोथिंबीर पेरली आहे त्यांनी. आनंदात आहेत. मी जिन्यात बसून विचार केला, की बाईचं दुःख गेलं, त्यात वाईट काय झालं? गप्प बसावं. पण मग तो पोरगा कुठं आहे? घाटातलं धुकं बघून निघणारा, आईच्या गुडघ्यांसाठी तेल शोधणारा. आता सगळ्या जगात तो एका माझ्यापाशी उरला आहे, आणि मी त्याला कधी पाहिलेलंही नाही. हे फार जड आहे. मला परत आणायलाच हवा तो, त्याच्या आईपाशी.

वर्ग संपल्यावर घरी येऊन ठाऊक असलेले सगळे उपाय करून पाहिले. पुसलेली चिठ्ठी परत येत नाही. हे मीच शिकवते.

१८ डिसेंबर, बुधवार

वर्गात गेले तर माझ्या टेबलाशी दुसरी बाई. माझ्या नावाची पट्टी होती तिथं गोंदाचा डाग. किशोर सर नेहमीसारखे अदबीनं उठले, मला बसायला खुर्ची दिली आणि कोणत्या कोर्सची चौकशी करायची आहे ते विचारलं. मी म्हटलं, सर, थट्टा करू नका. त्यांनी माहितीपत्रक दिलं. नाजनीन समोरच होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत पडद्याकडे वळली.

माझ्याही चिठ्ठ्या त्याच ढिगात होत्या. मेल, वर्ग, ताईचे फोटो, सगळं त्याच ब्राउझरमधून. सर्व काळ. सगळ्या चौकटी.

स्टँडवर उभी राहून ताईला फोन लावला. म्हटलं, ताई, मी. ती म्हणाली, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं, आईचं सांगितलं, आपल्या दोघींच्या एका फ्रॉकचं सांगितलं. ती ऐकत होती. मग फार समजुतीनं म्हणाली, अहो, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, मला बहीण नाही.

अहो. सख्ख्या बहिणीनं मला अहो म्हटलं. त्यापेक्षा शिवी दिली असती तर चाललं असतं.

२० डिसेंबर, शुक्रवार

खाला दुपारी वर आल्या. मला वाटलं, आठवलं. त्यांनी दारात उभं राहून विचारलं, खोली बघायला आलात का? मग हौसेनं सगळी खोली दाखवली. इथं हवा चांगली येते, पाणी सकाळी येतं, कुंडी मागच्या कोणीतरी ठेवली आहे, हवी तर ठेवा. एकट्याच का, असं विचारलं. हो म्हटलं. जेवलात का, असंही विचारलं.

समोर असते तोवर बोलतात. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले, तेवढ्यात विसरल्या. पुन्हा सगळी खोली दाखवली. तितक्याच हौसेनं.

पुण्याला परत जावं म्हणून बॅग भरली. मग बॅग तशीच ठेवून बसून राहिले. जाऊ कोणाकडे?

२१ डिसेंबर, शनिवार

कंप्युटर सुरू केला. गाण्यांचं पान नाही. पांढऱ्या पडद्यावर मधोमध एकच ओळ: आपण कोण?

माझं नाव लिहिलं. "असं कोणी सापडलं नाही." पूर्ण नाव लिहिलं, लग्न झालेलं नाही म्हणून ते एकच आहे. आईचं नाव घालून लिहिलं. नाही. वर्गात शिकवलेलं सगळं केलं, बंद केला, वायर काढली. पुन्हा तेच.

खाली दोन बटणं आहेत. एक: "झुहेब म्हणून पुढे जा." दुसरं: "मला लक्षात ठेवू नका."

मी पुसलं होतं ते नाव. माझ्या हातानं. ते तिथं यायला नको —

दाबलं नाही. चादर टाकली वर.

२२ डिसेंबर, रविवार

दारावर भांडीवाली आली, जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी. खालांनी ट्रंक उघडून अंगणात कपडे काढले. पुरुषाचे. शर्ट, जीन्स, एक जाड जॅकेट, नऊ नंबरचे बूट. "कोनाचे काय म्हाईत, पडून हायेत," असं तिला सांगत होत्या. एक निळा शर्ट उलटा करून कॉलर दाखवली, जास्त वापरलेला नाही म्हणाल्या. एका पातेल्यावरून घासाघीस चालली होती. त्या हसत होत्या.

ते मला बघवेना. धावत वर आले. चादर ओढली. पहिलं बटण दाबलं.

"पुन्हा स्वागत, झुहेब!"

खाली पातेलं पडल्याचा आवाज आला. मग खाला ओरडली. असं ओरडणं मी — आई गेली तेव्हा मीसुद्धा असं ओरडले नव्हते. अंगणात ती शर्ट छातीशी धरून बसली होती आणि धावत आलेल्या अब्रारला विचारत होती, कुठं हाय तो, घाटातून कधी आननार त्याला, कोनी पानी तरी दिलं का? तिला आजच कळलंय. दोन वर्षं गेलीच नाहीत तिच्या लेखी. अब्रार रडत होता, त्यालाही आजच कळलं. शेजारी जमले. मी सगळ्यांच्या मधोमध उभी होते. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. एका बाईनं माझ्या अंगावरून हात घालून पाण्याचा तांब्या पुढे केला.

मुलगा परत मिळाला तिला. मेलेला.

२३ डिसेंबर

पावलं वाजली. खाला जिना चढून आल्या. मी खुर्चीत बसलो होतो —

बसले होते.

दारात थांबल्या. डोळे सुजलेले. माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आलास?

मी म्हटलं, खाला, मी संध्या. त्यांचा चेहरा पडला. खाली कोसळल्या, पुन्हा तसंच ओरडल्या, पुन्हा तेच, कुठं हाय तो, कधी आननार. उचलून पाणी पाजलं. शांत झाल्या. डोळे उघडले. माझ्या कपाळावरून हात फिरवला. आलास?

मी म्हटलं, नाही हो, मी नाही तो. पुन्हा पहिल्यापासून. छाती बडवून घेतली.

मी नाही म्हटलं की तो पुन्हा मरतो. दरवेळी नव्यानं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा —

तेव्हा मी काहीच बोलले नाही. त्यांनी माझे केस विस्कटले, किती वाढवलेत म्हणाल्या. हसल्या.

२४ डिसेंबर

आरशात मीच आहे. नीट पाहिलं. मीच. भुवया जरा —

अब्रार दारात आला. माझ्या खांद्यावर थाप मारली, कालव्यावर येतोस का म्हणाला. या गावात आल्यापासून मला कोणी कुठं बोलावलं नव्हतं. गेलो. गेले. वाईट वाटलं नाही हे लिहून ठेवते. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

माझं नाव संध्या. माझं नाव संध्या. ताईचा नंबर पाठ होता. शेवटचे आकडे —

खाला वाढते आणि समोर बसते. मी जेवेपर्यंत उठत नाही. मी नाही म्हणू कसं? म्हटलं तर ती —

म्हणायला हवं. उद्या म्हणेन.

२५

निळा शर्ट बरोबर बसतो.

गाडीची किल्ली कुठं आहे ते आठवलं. सांगितलं कोणी नव्हतं.

ते गाणं अर्ध्यावर होतं, पुढचं ऐकलं. चांगलं आहे.

२७, शुक्रवार

नमाज पढून आलो. अम्मी खूश आहे. आज वर येऊन पडद्यासमोर बसायचं काही कारणच नाही म्हणाली. मला समजलं नाही.

टेबलावर ही वही सापडली. अक्षर बाईचं आहे. कोणी संध्या म्हणून आहे, फार एकटी दिसते बिचारी. मधली पानं वाचून वही मिटली, पुन्हा उघडली. शेवटच्या पानांवर माझं नाव आहे. कोण होती, इथं कधी राहायची, अम्मीला तर असं कोणी आठवत नाही. पहिल्यापासून वाचायला हवी, सगळी, आजच, नाहीतर —

अम्मीनं हाक मारली. भात वाढलाय.

हात थांबत नाही. लिहायचं आहे अजून काहीतरी, माझं, फार महत्त्वाचं, नाव आहे कुणाचं तरी, आत्ता जिभेवर —

पुन्हा हाक. घाबरते ती, लगेच ओ दिली नाही तर.

आलो अम्मी, आ